आत्याबाईंचा कागद सापडला

आमच्या घरातला कॉम्प्युटर हिचा. ही होती तोवर मी त्याला हात लावला नाही. माझं शिक्षण म्हणजे गावच्या शाळेतल्या चार इयत्ता, त्यातली शेवटची अर्धी गुरांमागे गेली. पेपर वाचतो, पण ओळीखाली बोट धरून. सही मात्र झोकदार करतो. मिलच्या साचेखात्यात, मागावर असताना मुकादम म्हणायचा, सही बघून वाटतं मॅनेजर आहे. तेवढा अभिमान मला अजून आहे, तो कोणी काढून घेऊ शकत नाही.

ही शिकलेली. लग्नाआधी गिरगावात टायपिंगच्या क्लासला जायची. मिल बंद पडली आणि मी घरी बसलो तेव्हा हिने लालबागच्या आमच्या खोलीत, खाटेच्या पायथ्याशी, टाइपरायटर मांडला. पुढे त्याच जागेवर कॉम्प्युटर आला. चाळीतली, शेजारच्या चाळीतली, पार घोडपदेवपासूनची माणसं अर्ज लिहून घ्यायला यायची. पाणी येत नाही, पेन्शन अडली, नवरा नांदवत नाही, पोराला उपचाराला मदत पाहिजे, मुलीला स्थळं बघायचीत. लोक स्टुलावर बसून बोलायचे आणि ही त्यांच्या बोलण्याचं अर्जाच्या भाषेत करायची.

आमच्या मजल्यावर दिवसा दार कोणी लावत नाही. लावलं तर पाच मिनिटांत कोणीतरी विचारतं, काय झालं, बरं नाही का? त्यामुळे कोणी मनातलं सांगायला आलं तर दार लावायची सोय नव्हती. उलट त्यानेच बभ्रा झाला असता. हिने त्यावर उपाय काढला. असं कोणी आलं की ही ओला टॉवेल दाराच्या अर्ध्या फळीवर वाळत टाकायची. टॉवेल दिसला की आत कोणी डोकावायचं नाही हे सगळ्या मजल्याला ठाऊक झालं होतं. मीसुद्धा गॅलरीत उभा राहायचो. माझ्याच घराबाहेर मी बिडी ओढत उभा, आणि बायका मला हसायच्या. "काय भाऊ, आज हाकललं वाटतं?" मी म्हणायचो, "ऑफिस चालू आहे मॅडमचं."

फाइलींना ही लोकांची नावं देत नसे. त्या दिवशी घरात जे रांधलं तेच फाइलीचं नाव. तिसऱ्या. शेवग्याच्या शेंगा. पिठी-भात. बोंबील सोमवार. कोणाचं रडणं कुठल्या कालवणात ठेवलंय ते फक्त हिच्या डोक्यात. मी एकदा म्हटलं, हा काय वेडेपणा? तर म्हणाली, "उद्या कोणी हे उघडलं तर त्यांना आपलं जेवण कळेल. लोकांची दुखणी कळणार नाहीत."

दोन वर्षांमागे ही गेली. परळच्या इस्पितळात, आठवडाभरात. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. कॉम्प्युटरवर मी हिच्याच साडीचं कापड घातलं आणि त्याला तसाच राहू दिला.

मग चाळ पाडून टॉवर व्हायचं ठरलं. कमिटीने सांगितलं, आपापल्या खोलीचे पुरावे आणा. सगळ्यांनी ट्रंका उपसल्या. आणि अडकली ती आमच्या मजल्यावरच्या कोपऱ्याच्या खोलीतली बाई. तिचा भाचा लहानपणापासून तिला आत्या म्हणायचा, म्हणून सगळी चाळ तिला आत्याबाई म्हणते. जवानीत ती सासर सोडून भावाकडे आली ती परत गेलीच नाही. भावाची आजारपणं काढली, भावजयीची काढली, भाच्याला वाढवलं. पण भाडेपावती भावाच्या नावाची. रेशनकार्ड भावाचं. तिचं आधार अजून सासरच्या गावच्या पत्त्यावर. या खोलीत राहत होती याचा एक चिठोरा तिच्याकडे नव्हता. भाचा डोंबिवलीला असतो. तो आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "आत्या, तू पाहुणी म्हणून होतीस ना आमच्याकडे. आम्ही कधी काही म्हटलं का?"

आत्याबाई माझ्याकडे आली. "भाऊ, वहिनीने माझा एक अर्ज केला होता. माझा भाऊ जिवंत असताना. भावाने त्याखाली सही केली होती, ही माझी बहीण, कायमची इथेच राहते म्हणून. कागद माझ्याकडून गेला. पण वहिनीच्या मशीनमध्ये असणारच."

असणार हे मलाही माहीत होतं. पण कुठल्या कालवणात?

मी साडी काढली आणि स्वतः शोधायला बसलो. एक एक फाइल उघडायची, बोट धरून वाचायची, बंद करायची. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, जन्म जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. पण तिसऱ्याच दिवशी मी थांबलो. ज्याच्याबरोबर मी नाक्यावर रोज चहा पितो त्याचा अर्ज उघडला होता. तो मी पुरता वाचला, कारण वाचून संपेपर्यंत तो कोणाचा हेच मला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहाला गेलो तर त्याच्या तोंडाकडे बघवेना. "काय रे, बायको आठवली काय?" तो म्हणाला. मी हो म्हटलं.

रविवारी मुलगी बदलापूरहून आली. ती ऑफिसात काम करते, तिला यातलं कळतं. म्हणाली, "एक प्रोग्राम टाकते. तो सगळ्या फाइली एकदा वाचून ठेवतो. मग तुम्ही शब्द टाकायचा, तो ज्या ज्या फाइलीत आहे त्या सगळ्या समोर."

"सगळ्या वाचतो?"

"सगळ्या. आतून. प्रत्येक शब्दाची यादी करून ठेवतो."

"आणि यादी कोणाला देतो?"

"कोणाला नाही. इथल्या इथेच राहते, आपल्या कॉम्प्युटरमध्ये."

"कशावरून?"

"लिहिलंय त्यांनी."

"तू वाचलंस?"

ती हसली. "कोण वाचतं बाबा ते? मान्य आहे म्हणून दाबायचं."

"आपण कसं मान्य करायचं? सांगणारे लोक वेगळे, लिहिणारी गेली. तू आणि मी कोण?"

"मग राहू दे," ती म्हणाली. "जाऊ दे आत्याबाईंची खोली."

मी म्हटलं, टाक. निदान पासवर्ड तरी घालू, असं ती म्हणाली तेव्हा मात्र मी भांडलो. या घराला कधी कुलूप लागलं नाही, आता लावायचं नाही म्हटलं. तीही माझीच मुलगी, माझा हट्ट ओळखून तिने नाद सोडला.

त्या प्रोग्रामला वाचायला बराच वेळ लागला. अगदी जुन्या फाइली त्याला कळेनात, त्या जुन्या अक्षरातल्या होत्या. मुलगी म्हणाली, त्याला त्या नुसत्या किड्या-मुंग्या दिसतात. ऐकून मला का कोण जाणे बरं वाटलं. पण नंतरच्या सगळ्या त्याने गिळल्या. मुलगी पुढच्या रविवारी येते म्हणून गेली, आणि मी एकटाच असताना एक एक अक्षर शोधत माझं स्वतःचं नाव टाकलं. रेशनचा अर्ज आला, फंडाचा आला, मिल कामगारांच्या घरांचा आला. सगळे सरकारी. हिच्या मनाने लिहिलेल्या एकाही ओळीत माझं नाव नव्हतं. तोंडाने तर हिने ते कधी घेतलं नाहीच, कागदावरही घेतलं नव्हतं. मी साडी परत टाकली.

पुढच्या रविवारी आत्याबाई सकाळीच येऊन स्टुलावर बसली. ठेवणीतलं लुगडं नेसून, जणू कोर्टात जायचंय. मुलगी कॉम्प्युटरसमोर, मी खाटेवर. दारात बायका जमल्या. एकीच्या हातात तांदूळ पाखडायचं सूप, एकीच्या कडेवर नात. आत्याबाईंची खोली वाचतेय हे सगळ्यांनाच बघायचं होतं, त्यात वाईट कोणाच्या मनात नव्हतं. टॉवेल बाहेर दोरीवर वाळत होता. कोणाला सुचलं नाही.

मुलीने आत्याबाईंचं माहेरचं नाव टाकलं, आडनाव टाकलं. पडदा भरून गेला. हा प्रोग्राम नुसती फाइल दाखवत नाही. तो शब्दाच्या आजूबाजूच्या दोन-दोन ओळीही दाखवतो. ते आडनाव आमच्या मजल्यावर दोन घरांचं. दारातली सूपवाली बाई एकदम म्हणाली, "अगं, ते आमच्या ह्यांचं नाव ना? कशाबद्दल आहे ते?" आणि ती आत आली.

मुलीने घाईने पडदा खाली सरकवला. खाली आत्याबाईंचा अर्ज होता. शेवग्याच्या शेंगा. मुलीला आनंद झाला. आत्याबाईंना वाचता येत नाही, म्हणून तिने मोठ्याने वाचलं. "सदर महिला ही माझी सख्खी बहीण असून माझ्या खोलीत कायमची राहते, कारण सासरी तिला..."

आणि ती थांबली.

पुढे काय होतं ते मी नंतर बोट धरून वाचलं. इथे लिहिणार नाही. कोणी विचारलं तरी सांगणार नाही.

"काय गं, पुढे काय?" कडेवर नात घेतलेली बाई म्हणाली.

"पुढे काही नाही," आत्याबाई म्हणाली. "बंद कर ते."

मुलीने पडदा विझवला. बायका हळूहळू गेल्या. सूपवाली मात्र उंबऱ्यावर उभी राहून माझ्याकडे बघत होती. "भाऊ, आमचंही सगळं आहे का यात?" मी मान खाली घातली. मिलमध्ये साहेबासमोर घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई आली ती बसली नाही.

"भाऊ, तो कागद पुसून टाका."

मी म्हटलं, "आत्याबाई, डोकं ठिकाणावर आहे का? तोच तर पुरावा. खाली भावाचं नाव आहे, खोलीचा नंबर आहे. कमिटी नाही म्हणू शकत नाही."

"कमिटी वाचेल ना?"

"नको असलेल्या ओळी काळ्या करू. मुलगी म्हणते होतं तसं."

"मग भाचा विचारेल काळं का केलं. वकील आणेल. वकील सगळ्यांसमोर वाचेल." तिने पदर घट्ट केला. "बायकांनी अर्धी ओळ ऐकलीय. उरलेली अर्धी मी माझ्याबरोबर नेते. तेवढी तरी नेऊ द्या."

"आणि खोली?"

"त्या कागदावर मिळालेल्या खोलीत मला झोप लागेल का?"

मी पुष्कळ भांडलो. मी म्हटलं, हिने एवढं लिहून ठेवलं ते काय पुसायला? ती म्हणाली, "वहिनीने लपवून ठेवलं होतं. सापडायला नव्हतं ठेवलं." हे खरं होतं.

रविवारी मुलीने तो अर्ज पुसला. मी म्हटलं, प्रोग्रामही काढ. ती म्हणाली, काढला तरी त्याने केलेली यादी मागे राहते, ती वेगळी पुसावी लागते. मी म्हटलं, ती पण पूस. माझ्यासमोर पूस. ती म्हणाली, "बाबा, मग आईचं यातलं काहीच पुन्हा सापडायचं नाही. लोकांचेही पुरावे आहेत यात." हे मला कळत होतं. मजल्यावरचे दोघे-तिघे कागदासाठी माझ्याकडे येऊन गेले होते, त्यांना मी आता काय सांगणार होतो? मी म्हटलं, पूस. नंतर जे आले त्यांना मी सांगितलं, फाइली आहेत, तुम्ही स्वतः बसा, एक एक उघडा, पण शेजाऱ्याची उघडली तर पुढे वाचणार नाही अशी शपथ घ्या. एकाने शपथ घेतली. बाकीचे हसून गेले. मला म्हातारचळ लागलाय असं कमिटीत बोललं गेलं, ते माझ्या कानावर आलं.

खोली भाच्याच्या नावावर झाली. आत्याबाई घोडपदेवला तिच्या बहिणीच्या मुलीकडे गेली. भाच्याने तिच्यासाठी टेम्पो करून दिला. तिचं सामान एवढं थोडं होतं की टेम्पो उगाच केला असं तोच म्हणत होता. पेटी मी उतरवू लागलो तर म्हणाला, "राहू द्या काका, तुमचं वय आहे का?" मी त्याचा हात बाजूला केला आणि पेटी मीच खाली नेली. जिन्यात दोनदा थांबावं लागलं.

परवा मी घोडपदेवला जाऊन आलो. बहिणीची मुलगी कामाला गेली होती, आत्याबाई एकटीच लसूण सोलत होती. तिने चहा केला. मग तिने विचारलं,

"भाऊ, तो कागद खरंच पुसला?"

"हो. माझ्यासमोर. यादीतूनही पुसला."

"कुठेच नाही आता?"

"कुठेच नाही."

मला वाटलं, तिला हायसं वाटेल. ती लसणाची सालं हाताने गोळा करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी त्या खोलीत राहत होते हे आता कुठेच नाही."

"मला माहीत आहे ना," मी म्हटलं. "मला माहीत आहे, सगळ्या मजल्याला माहीत आहे."

"मजला पाडतायत भाऊ," ती म्हणाली. "आणि तुमचं वय काय आता?"

मी चहा संपवला. तिने आणखी अर्धा कप ओतला, आणि मी नको म्हटलं नाही.