धर्मशाळेतून उठलेला भैरू

“अव्या, हात काढ की-बोर्डवरून! खोटारड्या, काढ म्हणते ना!”

वैशाली अशी काही ओरडली की तिकडे येरवड्यातले कैदी हजेरीला उभे राहिले असतील... आणि आम्ही होतो वारज्यात, माझ्या फ्लॅटवर, रविवारी भर दुपारी. निखिल पाव हातात तसाच धरून स्क्रीनकडे बघत होता. स्क्रीनवर लिहिलं होतं — भैरू : हजर.

थांबा, आधी माझ्याबद्दल. या सदरात असले अघटित अनुभव लिहिणाऱ्यांना मी आजवर पोट धरून हसत आलोय. मी अमावास्येला नव्या घरात राहायला आलेला माणूस आहे — त्या दिवशी टेम्पो लगेच मिळतो. शिवाय मला ओळखणारे सांगतील की अव्या पावशेर गोष्टीचं पोतं करतो. खरंय. सगळा घोटाळा त्यानेच तर झाला.

पुण्यात गल्लोगल्ली सॉफ्टवेअर कंपन्या उगवत होत्या तो काळ. वैशाली, नागपूरहून आलेला निखिल, शिरीष आणि मी एकाच ऑफिसात होतो. दर रविवारी टेबलाभोवती बसून आमचा खेळ चालायचा. प्रत्येकाचं एक पात्र. फासे टाकायचे, वैशाली गोष्ट पुढे नेणार, आपण आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचं, भांडायचं, मरायचं. नकाशा पुण्याचाच, फक्त नावं बदललेली. वारजे म्हणजे राक्षसखिंड, शनिवार पेठ म्हणजे हत्तीखाना. हे नाव शिरीषचं. त्याचे आईवडील शनिवारात राहायचे, आणि त्यांच्या बोळात हत्ती सोडा, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी दोन्ही मालक तिथेच म्हातारे व्हायचे.

कोणाच्या पात्रात किती ताकद उरली हे कागदांत शोधता शोधता अर्धा रविवार जायचा, म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. नाव टाका, एंटर दाबा — ताकद, जखमा, ठिकाण, सोबती, सगळं समोर. सोबती म्हणजे आपण पडलो तर खांद्यावर टाकून नेणारा. भैरू हे शिरीषचं पात्र, आणि भैरूचा सोबती माझं. ‘हजर’ ही नोंद मात्र ज्याची त्याने, टेबलापाशी येऊन, स्वतःचा पासवर्ड टाकून करायची.

आमचा एक नियम होता. कोणी ऑनसाइट, म्हणजे परदेशी क्लायंटकडे, गेला तर त्याचं पात्र मारायचं नाही, धर्मशाळेत बसवायचं. माणूस परत यायचा, चॉकलेटं वाटायचा, पात्र उठायचं. शिरीष अमेरिकेला गेला तो एका प्रोजेक्टपुरता. मग प्रोजेक्ट लांबला, मग लग्न, मग तिकडे घर. ई-मेल आधी पानभर, मग चार ओळी... मग दिवाळीला साऱ्या दुनियेला एकदम पाठवलेलं फटाक्यांचं चित्र. भैरू धर्मशाळेत. आणि त्याची खुर्ची मी रिकामी ठेवायचो. पाहुण्यांना जमिनीवर बसवायचो, पण त्या खुर्चीवर नाही.

त्या रविवारी निखिल म्हणाला, “बस झालं बे. माझ्या रूममेटला घेऊ. मारून टाक त्या भैरूले.”

“अव्या, तो येणार नाहीये,” वैशाली म्हणाली. “तू सोडून सगळ्यांना कळलंय.”

“येणार,” मी म्हटलं. “आणि मारायचाच असेल तर निदान तो आहे कसा ते तरी बघा.” मी नाव टाकलं, एंटर दाबलं.

भैरू : हजर. ठिकाण : हत्तीखाना. सोबती : कोणी नाही.

यावर वैशालीने ती आरोळी ठोकली.

“मी काही केलं नाही!”

“प्रोग्राम कोणी लिहिला?”

“मी.”

“मग काय, मुंजाने केलं?”

“काहून खोटं बोलतो बे?” निखिल म्हणाला. “एका खुर्चीसाठी एवढं नाटक?”

“अरे, नाटक करायचं असतं तर सोबत्यातून माझंच नाव कशाला पुसलं असतं?”

पण विश्वास? छे. जन्मात एकदा खरं बोललो, तेही असं वाया गेलं. मोडेम वळवाच्या विजेत जळून गेलेला, म्हणजे बाहेरून कोणी शिरायची सोय नाही, फ्लॅटची किल्ली फक्त माझ्याकडे, आणि आदल्या रविवारी भैरू धर्मशाळेतच होता — सगळ्यांच्या देखत. कोणी ऐकेना. मिसळ तशीच टाकून दोघे निघून गेले.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून शनिवारात, खऱ्या हत्तीखान्यात, गेलो. शिरीषच्या दारावर पाटी नवीच. बेल दाबणार तोच शेजारचे काका बाहेर आले.

“शिरीषकडे आलो होतो.”

“पाटी वाचता येते ना?”

“हो, पण...”

“जागा विकली त्यांनी. आठवडाभर होता इथे. काल दुपारी नव्या मालकांना किल्ली दिली न् आईवडिलांना घेऊन गेला. आपण कोण?”

“मित्र. अगदी जवळचा.”

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “असं?” म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आठवडाभर! शनिवारातून वारजे म्हणजे काही सातासमुद्रापार नाही हो. रिक्षावाला कटकट करेल फारतर.

घरी येऊन मी प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. डिस्क तपासली, घड्याळ तपासलं, कंपनीतल्या भल्याभल्यांना दाखवलं. कुठेही चूक नाही. हल्ली पोरं चहा पिता पिता मला दहा कारणं सांगतात. एकही त्या तीन ओळींना पुरत नाही. आणि मी, गोष्टी रचण्यात ज्याचा हात कोणी धरणार नाही असा मी, मलाही अजून पटेल असं काही रचता आलेलं नाही.

पुढे महिनाभर राग गिळून शेवटी आयएसडी बूथवरून अमेरिकेला फोन लावला.

“पुण्यात येऊन गेलास?”

“हो अरे. फार गडबड होती.”

“आणि भैरू? भैरूला उठवलंस तू?”

मागे कुठेतरी टीव्ही चालू होता.

“कोण भैरू?”