पिन मी काढली होती
फिनाईलचा वास आला की मला लातूरच्या कॉलेजातली ती परीक्षा आठवते. मी तिथं फरशी पुसायचे. कॉम्प्युटरच्या खोलीत राउटर नावाचे चार डबे एकमेकांना जोडलेले होते. निलंग्याहून एसटीनं येणाऱ्या एका पोरीनं आदल्या दिवशी मोठा नंबर देऊन वरचा डबा मुख्य केला होता. बाकीच्यांनी आपली खबर त्याला द्यायची, त्यानं ती सगळ्यांना पोचवायची; तो बंद पडला तर दुसरा एक राखीव ठेवलेला. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पाहिलं, तर भलताच डबा मुख्य. "काय शिकलीस मग? नापास करू?" पोरगी रडकुंडीला आली. कामावरून काढतील हे कळत होतं, तरी मी बोलले, "साहेब, सकाळी पुसताना वरच्याची पिन मी काढली होती. लगेच लावली परत. पोरीची चूक न्हाई." सर पोरीकडं वळले. "मग परत आल्यावर तो मुख्य का झाला नाही? नंबर तर त्याचाच मोठा." पोरगी डोळे पुसून म्हणाली, "सर, तो बंद पडल्यावर राखीव डब्यानं काम हाती घेतलं. आता मोठा परत आला तरी चालत्याला उठवत न्हाई." सर हसले. "हेच ऐकायचं होतं. पास! आणि मावशी, पिनेला हात लावू नका." तेवढ्यावरच भागलं. पोरगी पाया पडायला वाकली, तर मी म्हणाले, "सरक, फरशी वली हाय." गेल्या वर्षी कंबरेच्या ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी मी घरी आले, तेव्हा सुनेनं स्वयंपाक, दूध, पाहुणे सगळं नीट चालवलं होतं. डब्यांच्या जागासुद्धा बदललेल्या. बोलायला तोंड उघडलं, आणि त्या पोरीचं बोलणं आठवलं, चालत्याला उठवत न्हाई. मी गुमान लसूण सोलायला बसले. आमच्या घरात भांडण झालं नाही, हे त्या पोरीचेच उपकार.