अडीच मिनिटांचं रीळ

लग्नाच्या प्रत्येक रिळाची मी वहीत नोंद ठेवतो. उजव्या पानावर रिळाचा क्रमांक, उजेड, काय टिपलं ते. डावं पान कोरं सोडायचं ठरवलं होतं. पण किस्से कुठे ऐकतात! आता वही उघडली की डावी पानंच जास्त भरलेली दिसतात.

अमरावतीत फिल्मवर लग्न टिपणारा बहुधा मी एकटाच. हातात मावणारा जुना सुपर एट कॅमेरा, एक रीळ अडीच मिनिटांचं, आवाज नाही, आणि धुऊन यायला महिना. माझा जुना भागीदार गजूभाऊ केव्हाच ड्रोनवर गेला. "अबे विनायक, दुनिया चंद्रावर चालली अन् तू अजून कंदील पुसून राहिला!" असं तो चारचौघांत म्हणतो. तरी लग्नं आम्ही बरोबरच घेतो. पूर्ण दिवस त्याचा, सहा रिळांची पंधरा मिनिटं माझी.

* * *

अकोल्याच्या एका नवरदेवाला फिल्मच हवी होती. वडील भडकले. "पंधरा मिनिटांत तं आमच्याकडे फेटेबी बांधून होत नाही!"

मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमच्या लग्नाची चार तासांची कॅसेट आहे ना? किती वेळा पाहिली?"

वडिलांनी बराच विचार केला. "एक डाव पाह्यली. जेवनाच्या पंगतीपर्यंत."

* * *

माझी लेक केतकी पुण्यात नोकरी करते. तिचं लग्न ठरलं तसा तिनेही फिल्मचाच हट्ट धरला. सोबत एक अट घातली. "बाबा, आपल्या घरातल्या एकाही फिल्ममध्ये तुम्ही नाही. आईच्या, माझ्या बारशाच्या, वाढदिवसाच्या सगळ्या फिल्म पाहिल्या मी. तुम्ही कुठेच नाही. या वेळी दिसायचं."

"टिपणारा दिसत नसतो," मी म्हणालो.

"मग कुणाला तरी टिपायला सांगा!"

मी हो म्हणालो. म्हणणं सोपं होतं.

* * *

बाळापूरला नवरीच्या मामांना माझा कॅमेरा फार आवडला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "मांगं टीव्ही नाही काहो याले? मंग फोटो दिसते कुठं?" असं म्हणत त्यांनी मागचं झाकणच उघडलं!

उघडं पडलेलं तेवढं रीळ उजेड लागून जळालं. फिल्म धुऊन आली तेव्हा मंगलाष्टकांच्या मधोमध एक नारिंगी भडका. मी नवरीच्या घरी माफी मागायला गेलो, तर मामा भिंतीवर चाललेल्या फिल्मकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत होते, "हे इथं जे उजाडलं ना, ते म्या उजाडलं!"

* * *

अकोल्यातच एका बौद्ध कुटुंबातलं लग्न होतं. वधूवर हार घालणार, नेमकं तेव्हा रीळ संपलं. मी घाबरून हात वर केला. वधूचे वडील निवृत्त शिक्षक. त्यांनी माइक घेतला.

"मंडळी, बसा. आपल्यात मुहूर्त नाही, म्हणून तो टळायची भीतीही नाही. भरा भाऊ, निवांत भरा."

पाचशे माणसं शांत बसून माझ्या हातांकडे बघत होती. गजूभाऊ कानाशी कुजबुजला, "तुह्या जिंदगीत पयल्यांदा कोनी तुह्यासाठी थांबलं, राजा!"

आम्ही दोघंही हसलो. त्या दिवसाच्या डाव्या पानावर गजूभाऊचं एवढंच वाक्य आहे.

* * *

गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक फिल्म मी घरी भिंतीवर एकदा चालवून बघतो. एका खुर्चीवर मी, दुसरीवर प्रोजेक्टरचा खोका. समोर अख्खं गाव नाचत असतं आणि खोलीत फक्त यंत्राची खरखर.

धामणगाव रेल्वेला मात्र फिल्म घेऊन गेलो, तर घरच्यांनी मलाही बसवून घेतलं. बँडवाले गाल फुगवताहेत, बायका तोंड उघडून गाताहेत, आणि आवाज नाही. एक काकू वैतागल्या, "हे असं मुकं लग्न पाह्यताना कसंतरीच वाटते बाप्पा!"

कोपऱ्यात नवरदेवाचे आजोबा बसले होते. त्यांना दहा वर्षांपासून ऐकू येत नाही. सगळे गप्प बघताना पाहून त्यांनी नातवाला खुणेनेच विचारलं. नातवानं हातानं सांगितलं, आवाजच नाही.

आजोबा खूश होऊन मोठ्यानं म्हणाले, "म्हनजे आज सारे माह्यावानी झाले!"

* * *

केतकीचं लग्न उन्हाळ्यात झालं. तिची आई जाऊन आठ वर्षं झाली. कन्यादानाला जोडीनं बसायची आमच्याकडे रीत, म्हणून माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको बसले. मी कॅमेरा घेतला. पाच रिळं संपली. पाचांतही मी नाही.

सहावं पाठवणीसाठी राखलं होतं. केतकी माझ्या गळ्यात पडली. मग गाडीत बसली. मी कॅमेरा गजूभाऊच्या हातात दिला. "गाडी सुटली की बटन दाब, अन् सोडू नको." आणि फ्रेम मोकळी राहावी म्हणून सवयीनं मांडवाच्या खांबाशी सरकलो.

रीळ धुऊन आलं, पण मी ते चालवलं नाही. दिवाळीला केतकी आली तेव्हा खुर्चीवरचा खोका उचलून खाली ठेवला.

फिल्म सुरू झाली. गाडी नाही. खांबाशी एक माणूस. त्याच्यासमोरून धूळ सरकत गेली. त्यानं हात वर केला आणि धूळ बसेपर्यंत तसाच ठेवला. मग घड्याळ पाहिलं. मग खिशातून वही काढली, खांबाला टेकवली आणि काहीतरी लिहिलं. पेनाचं टोपण लावलं. रीळ संपलं.

मी तिथल्या तिथे गजूभाऊला फोन लावला. "गाडी कुठाय?"

"गाडी माह्या पोट्ट्यायच्या कॅमेऱ्यात हाय ना, तीन अँगलनं! तुले कोन घेनार होतं?"

केतकी पांढऱ्या भिंतीकडे बघत होती. "बाबा, तेव्हा काय लिहीत होता?"

मी वही काढून तिच्या हातात दिली. त्या दिवसाचं उजवं पान.

"रीळ सहा. पाठवणी. उजेड उतरता. कॅमेरा गजूभाऊकडे. मी फ्रेममध्ये नाही."