पोत्यांच्या खोलीतला अल्बम

कुठंही शिरला की तो आधी एक टाळी वाजवायचा आणि मान वाकडी करून ऐकत उभा राहायचा. देऊळ असो, दवाखाना असो. मुलगी बघायला गेला, तिथंही चहा यायच्या आत टाळी. मुलीच्या बापानं विचारलं, "काय झालं?" हा म्हणाला, "तुमच्या घरात आवाज लई घुमतो." सोयरीक जमली नाही, हे सांगायला नको.

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. आपण त्याला अर्धवट म्हणतो आणि पुढे जातो. मला जाता आलं नाही, कारण तो माझ्याकडे जेवायचा.

शिरूरला माझी खानावळ होती. रांजणगावच्या कंपन्यांतली पंधरा माणसं यायची. हा दौंडचा, कंपनीत फिटर. मागच्या खोलीत माझी वर्षाची ज्वारी, पोती पार छतापर्यंत. एकदा पोतं काढायला आत आला, सवयीनं टाळी वाजवली आणि खुळ्यासारखा हसला.

"मावशी, इथं आवाज मरतो! झकास!"

"मरतो तर मरू दे. पोतं उचल."

त्याला अल्बम करायचा होता, त्यासाठी न घुमणारी खोली हवी होती. दौंडचं घर रुळांना लागून. गाणं सुरू केलं की गाडी आलीच.

"कॅसेट म्हण की," मी म्हटलं.

"न्हाई मावशी. अल्बम म्हंजी ताट. आठ गाणी, एकामागं एक ऐकायची. ताटातली नुसती चटणी चाटून कुणी उठतं का?"

हे मला पटलं. खोली दिली.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. तो आणि त्याचे दोन दोस्त कॅसिओ, गिटार, माईक आणि दोन टेप घेऊन आत बसायचे. गाणी मला कधी कळली नाहीत. एक तर कंपनीच्या बसच्या वायपरच्या आवाजावर होतं. मी तोंडावर सांगितलं, "ह्याला गाणं म्हणत न्हाईत."

"अजून म्हणत न्हाईत," तो म्हणाला.

अडचण एकच होती. त्याची भिंत पंधरा माणसं रोज खात होती. पोती कमी झाली की खोली घुमायला लागायची. सहाव्या गाण्याला सातच पोती उरली आणि हा पाच भाकरींवरून दोनवर आला. शेजारच्यांनाही सांगायचा, "भात घ्या, भात. भाकरी जड पडती."

"तुझ्या गाण्यापायी आमी उपाशी मरायचं व्हय रं?" लोक हसायचे.

मी त्याच्या ताटात तिसरी भाकरी आदळली. "माझ्या खानावळीतनं उपाशी उठायचं न्हाई. गाणं न्हाई झालं तरी चालंल."

"न्हाई चालायचं, मावशी. दिवाळीला माझं काँट्रॅक्ट संपतंय. मी गुजरातला, हे दोघं आपापल्या गावाला. आमी तिघं परत एका जागी यायचो न्हाई."

सात गाणी झाली. आठव्याच्या आधी शेवटचं पोतं गिरणीत गेलं. गोधड्या टांगून पाहिल्या, भागलं नाही. गुरुवारी त्यानं टाळी वाजवली आणि खोली रिकाम्या हंड्यासारखी वाजली. तो माईकची वायर गुंडाळायला लागला.

जेवायला माणसं जमली होती. मी परातीतून हात काढला आणि सगळ्यांना आत हाकललं. "माझी ज्वारी गेली कुठं? तुमच्याच पोटात. चला, भिंतीला लागून बसा, पोत्यांसारखी!"

बसली बापडी, मांडीला मांडी लावून. त्यानं पुन्हा टाळी वाजवली. आवाज मेला.

मग तो गायला. त्या दिवशीही मला काही कळलं नाही. पण शिवीशिवाय न बोलणारा आमचा एक वेल्डर मान खाली घालून बसला होता, तो गाणं संपल्यावरही उठेना.

थोड्या कॅसेटी निघाल्या. शिरूरच्या दुकानात कुणी विचारल्या नाहीत. एक मला दिली. सगळ्यांनी जेवता जेवता पहिल्यापासून ऐकली. आठव्याच्या तोंडाला माझाच आवाज आला, "श्वास हळू घ्या रं मेल्यांनो!" जेवणारे ठसका लागेस्तोवर हसले.

"हे काढ आधी," मी म्हणाले.

"न्हाई मावशी. गाणं तिथनंच सुरू हुतं."

दिवाळीनंतर तो गेला. पहिल्या वर्षी दोनदा फोन आला, मग नाही. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, खानावळ बंद केली.

कॅसेट अजून लागते. आधी मी ओरडते. मग जरा वेळ काहीच नाही, पंधरा माणसं गप्प बसलेली. मग तो गातो.