लाल ऊस आणि मंगळ

माझ्या सासऱ्यांचा हिरवागार ऊस मी एकदा भरल्या बैठकीत लाल करून दाखवला आणि मेहुणीचं लग्न मोडायची वेळ आली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. विमानातून खास फिल्मवर फोटो काढून पिकांची तब्येत ओळखायची, ही माझी नोकरी. या फिल्मवर निरोगी पीक लालभडक दिसतं आणि वाळलेलं रान पांढुरकं. आता हे काय मी ठरवलंय? (बायकोला आजही वाटतं, मीच ठरवलंय.)

त्या दिवशी निमोण्याचे पाहुणे वरवंडला शालनला, म्हणजे माझ्या मेहुणीला, बघायला आले होते. पोहे झाले. आप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, शेती कशी जोरात आहे हे पाहुण्यांना कळावं म्हणून मी हौसेनं त्यांच्या रानाचा फोटो पुढे केला. चांगलं करायला गेलो हो!

"आरं द्येवा! समदा ऊस तांबेऱ्यानं गेला की!" मुलाचे वडील ओरडले.

"मामा, लाल म्हणजे उत्तम!" मी त्यांना समजावलं.

"आन् ह्ये पांढरं?"

"ते शेजारच्या गेनबांचं. करपलंय."

"माझं करपलंय?" गेनबा नेमके तिथंच पोहे खात बसलेले! "कसं लख्ख दिसतंय की!"

पाहुण्यांनी मान डोलावली. "गेनबा, तुमास्नी बी लगनाची लेक हाय नव्हं?"

माझं टाळकंच सरकलं. "अहो, लाल म्हणजे जिवंत!"

"मंगळ बी लाल हाय. तिथं काय ऊस लावलाय व्हय?"

परग्रहावरची जीवसृष्टी हा माझा जिव्हाळ्याचा विषय. आप्पा डोळ्यांनी दटावत होते, पण मी थांबतोय कसला! "मंगळाला हसू नका, मामा! आमच्या घरात उठता-बसता मंगळच असतो!"

मामांनी बाजूची टोपी उचलली.

"म्हंजी पोरीला मंगळ हाय! आन् लपिवलं व्हय आमच्यापासनं?" मामा टोपी घालून उठलेच. आत शालन हुंदके देऊ लागली. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर आप्पांनी हात जोडले. मला!

तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली.

"मामा, बसा खाली. शालनला मंगळ न्हाई. मंगळ आमच्या ह्यांला हाय! लगीन झाल्यापास्नं डोस्क्यात दुसरं कायबी न्हाई. मी सोसतीया न्हवं?"

मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "व्हय, दिसतंय खरं," म्हणाले आणि बसले. तिथंच सुपारी फुटली.

आज शालनला नातवंडं आहेत. मी जन्मभर परग्रहावरचा जीव शोधला, पण वरवंडात नव्या माणसाला माझी ओळख आजही अशीच करून देतात, "ह्ये आमचं थोरलं जावई. मानूस गुणाचा, पर काय करता? मंगळ हाय!"