रनर काढलेलं पाकीट

तिला सगळे चेनताई म्हणत. बॅगांच्या, जॅकेटांच्या, बुटांच्या, जिथे म्हणून चेन अडते तिथली चेन ती दुरुस्त करी. तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीखाली टेबल, टेबलाशी चाकांची खुर्ची, खुर्चीत ती. कमरेखालचं अंग लहानपणच्या आजारातच निकामी झालं होतं. वरचं मात्र असं चालू होतं की नवरा म्हणे, "खुर्चीची चाकं झिजतात, तुझ्या जिभेची काही झिजत नाहीत."

घरखर्चही ती चेनवरच चालवी. गिऱ्हाइकं कधीच न्यायला न आलेली छोटी पाकिटं तिनं टेबलाच्या खणात ओळीनं लावली होती. भाड्याचं निळं, विजेचं लाल, वाणसामानाचं फुलाफुलांचं, आणि एक तपकिरी, नवऱ्याच्या बुटांचं. तो बेकरीत भट्टीवर उभा असे आणि त्याच्या बुटांचा तळ गेल्या हिवाळ्यापासून डिंकावर जगत होता. सगळ्यांच्या मागे एक काळं पाकीट होतं. त्याची चेन पूर्ण लावून तिनं रनर, म्हणजे चेनीवर सरकणारा तो लोखंडी तुकडा, टोकावरून ओढून काढून टाकला होता. दाते एकमेकांत घट्ट अडकलेले. कडेला घडी केलेली नोट आत सरकेल एवढीच फट. पैसे आत जायचे, बाहेर यायचे नाहीत. रनर पुन्हा चढवायचा तर पक्कड हवी आणि हात हवा, आणि तो हात घरात आपल्या एकटीचाच, अशी तिची समजूत.

काळ्या पाकिटात तीनचाकी होती. बॅटरीवर चालणारी, जुनी, पण धडधाकट.

तिची गरज काय, हे कुणाला समजावून सांगायचा तिला कंटाळा आला होता. पायऱ्या नकोत म्हणून तळमजला, आणि तळमजल्याला भाडं जास्त. कोपऱ्यावरच्या दुकानाला उंबरठा नाही म्हणून तिथेच जायचं, आणि तो दुकानदार बिनउंबरठ्याचेही पैसे लावायचा. सामान घरपोच मागवावं तर अमुक एवढं घेतल्याशिवाय आणून देत नाहीत, मग नको असलेले दोन साबण गळ्यात पडतात. टॅक्सीवाला खुर्चीची घडी घालण्याचे वेगळे मागतो, आणि घडी तीच घालते. चेनींची रिळं घाऊक बाजारात निम्म्या किमतीत असतात, पण बाजार लांब, म्हणून दारावर येणाऱ्या फिरत्या विक्रेत्याच्या भावात घ्यायची. वर नणंद यायची आणि सल्ला द्यायची, "वहिनी, थोडी काटकसर करत जा गं." चेनताईच्या मनात यायचं, हिला आठवडाभर या खुर्चीत बसवावं आणि हिशोब विचारावा.

तीनचाकी आली की ती स्वतः बाजारात जाणार होती. ती विकणाऱ्या गाडीवाल्यानं शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. पैसे जेमतेम भरत होते.

आणि शुक्रवारी पडताळणी आली.

दर वर्षी सरकारी भत्ता चालू राहावा म्हणून कचेरीत जाऊन आपण अजून अपंगच आहोत हे दाखवावं लागे. कचेरी दोन गल्ल्यांपलीकडे, तिथवर ती स्वतः चाकं ढकलत जाई. पण पडताळणी दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद असल्याच्या पाटीला कुणीतरी नवीन फ्रेम करून आणली होती. दाराशी कपाटं चढवणारे दोन हमाल बसत. गेल्या वर्षी त्यांनी तिला वर नेलं, खाली आणलं, वाटेत खुर्चीचं पुढचं चाक वाकवलं. हमाली आणि चाक मिळून दोन महिन्यांचा भत्ता गेला. भत्ता मिळवण्यासाठी भत्ता!

या वर्षी तिनं दातओठ खाऊन ठरवलं होतं, काळ्या पाकिटाला हात लागणार नाही. मांडीवर दुरुस्तीच्या बॅगा आणि एक पक्कड घेऊन ती सकाळीच जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसली.

"साहेब!" तिनं वर हाक मारली. "पडताळणीला आलेय!"

वरच्या कठड्यावरून कारकुनाचं डोकं बाहेर आलं. "मग या ना वर."

"वर येता येत नाही, तेच दाखवायला आलेय."

"पडताळणी वरच होते, बाई."

"तुम्ही खाली येऊन पाहा की. मी काही फार मोठी नाहीये, एका नजरेत मावेन."

डोकं आत गेलं. हमाल हसले. धाकटा म्हणाला, "ताई, कशाला ताटकळताय? या वर्षी भाव तोच ठेवू."

"आणि चाक?"

"त्याची हमी नाही."

ती बॅग उघडून कामाला लागली. कारकून जेवायला तरी खाली उतरेलच, असा तिचा हिशोब. पण कारकुनानं डबा आणलेला. जिन्यावरून माणसं चढत होती, उतरत होती, तिला वळसा घालताना "बिचारी" म्हणत होती. बिचारीला चीड आली होती, पण ती चिडचिड तिनं एका हट्टी बॅगेच्या दात्यांवर काढली.

दुपारी बेकरी सुटल्यावर नवरा आला. पिठानं पांढरा आणि चेहऱ्यावर पराक्रम.

"अगं, तू अजून खालीच? चल, सोय करून आलोय. दाराशी दोघा हमालांना आगाऊ पैसेही दिले."

"कुठले पैसे?"

तो जरा घुटमळला. "काळ्यातले. तुझ्याकडे बघून बघून शिकलोय ना मी. खणातल्या जुन्या पकडीनं रनर चढवला! थोडा तिरका बसला, पण उघडलं."

तिच्या हातातली पक्कड तशीच राहिली. इतक्या वर्षांत या माणसाला बटण लावता आलं नव्हतं. आणि शिकला तो नेमका हाच रनर, आजच!

"विचारायचं तरी होतंत!"

"तू इथे दिवसभर उपाशी, लोक बघतायत. मला नाही बघवत."

"मग डोळे मिटायचे होते! माझं पाकीट कशाला उघडलंत?" आवाज जिन्यात घुमला. "जो तो माझं भलं करायला टपलाय, आणि प्रत्येक वेळी ते माझ्याच पैशांनी!"

नवरा बुटांकडे बघत राहिला. हमाल उठून जवळ आले. थोरल्यानं खुर्चीच्या दांड्याला हात घातला.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पैसे परत द्या."

"आगाऊ घेतलेलं परत नसतं, ताई. विचारा कुणालाही."

तिनं पुन्हा एकदा बॅगेकडे, जिन्याकडे, हमालांच्या रुंद खांद्यांकडे पाहिलं.

"बरं. हमाली घेतलीत ना? मग हमाली करा. मला वर न्यायचं नाही, पडताळणी खाली आणायची. साहेब, शिक्का, सगळं."

"साहेबांना उचलून आणायचं?"

"चालत आले तर तुमचाच त्रास वाचला."

हमाल एकमेकांकडे बघून वर गेले. वर आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग "अरे, अरे, मी येतो, मी येतो!" कारकून शिक्का छातीशी धरून, मागे दोन हमालांचा पहारा घेऊन उतरला. त्यानं तिच्या पायांकडे एकदा पाहिलं, तिच्याच मांडीवरच्या बॅगेवर कागद टेकवून शिक्का मारला.

"हे नियमात बसत नाही," तो पुटपुटला.

"मीही जिन्यात बसत नाही," ती म्हणाली.

बाहेरचे लोक हसले. तिला हसू आलं नाही. घरी येऊन पाहिलं तर काळ्या पाकिटाचे निम्मे दाते मुरगळलेले. तिरक्या रनरनं ती चेन कायमची वाया घालवली होती. पैसे मोजायची गरजच नव्हती, हमालीइतकेच कमी होते. तिनं गाडीवाल्याला फोन लावला.

"सोमवारपर्यंत थांबाल?"

"नाही हो. दुसरं गिऱ्हाईक उद्या सकाळीच येतंय. तुम्ही आधी आलात तर तुमची."

फोन ठेवून ती खण उघडा टाकून नुसती बसली. भाडं हलवता येत नव्हतं, वीज हलवता येत नव्हती. नवऱ्यानं मागून हात घालून तपकिरी पाकीट काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"ते बुटांचं आहे," ती चिडून म्हणाली.

"माहितेय."

"डिंक किती दिवस पुरणार?"

"तू बाजारात जाईपर्यंत. तिथे बूटही निम्म्यात असतील ना? तूच आण. फक्त माझ्या मापाचे आण."

तिनं तपकिरी पाकीट उघडलं. त्याचा रनर लोण्यासारखा सरकला आणि तिला त्याचाही राग आला. पैसे तिनं वेगळे काढले. मग खणातून एक नवी चेन घेतली, काळ्या पाकिटाची जुनी उसवायला लागली.

"आता त्यात काय ठेवणार?" नवऱ्यानं विचारलं.

"तुमचे बूट," ती म्हणाली. "आणि या वेळी दोन्ही पकडी माझ्या उशीखाली राहणार."