येळवशीला जेवून गेलेली बदकं

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाजवळचा पाझर तलाव दुष्काळी कामातून बांधला गेला, तेव्हा मी त्या कामावर हजेरी कारकून होतो. पुढे तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. तरी हिवाळ्यातल्या रविवारी सायकल काढून त्या तलावावर जायचं आणि पक्षी मोजायचे ही सवय सुटली नाही. सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणलेली एक दुर्बीण माझ्याकडे होती. तिची एक काच धुरकट होती, त्यामुळे मी एकाच डोळ्याने पाहत असे. बायको म्हणायची, "घरात निवडायचे हरभरे पडलेत, तेही मोजा की जरा."

ऐंशी साल उलटून गेल्यावरचा एक कोरडा हिवाळा मला अजून आठवतो. परतीचा पाऊस आलाच नव्हता. दिवाळीनंतर येरमाळ्याच्या बाजूची लहान तळी एकेक करून आटली आणि तिथले सगळे पक्षी आमच्या तलावावर जमले. थापट्या, चक्रवाक, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली ती मोठी राखी बदकं. पुस्तकात त्यांना पट्टकादंब हंस म्हटलं आहे. आमच्याकडे सगळ्यांनाच बदकं म्हणतात. एका रविवारी ती चाळीस भरली, पुढच्या रविवारी सत्तरच्या वर गेली. इतकी मी त्या पाण्यावर कधीच पाहिली नव्हती. मला आनंद झाला, हे खरं सांगायला हवं.

पण पाणी जसं मागे सरकत होतं तशी तलावाच्या पोटातली काळी जमीन उघडी पडत होती. त्या जमिनीला गाळपेर म्हणतात. ओल असेपर्यंत त्यात एक पीक निघतं, आणि पुढच्या पावसात ती पुन्हा पाण्याखाली जाते. सरकारने ती गावातल्या आठ बौद्ध कुटुंबांच्या सहकारी शेती संस्थेला एका हंगामासाठी दिली होती. आठही घरांना दुसरी जमीन नव्हती. त्यांनी तिथं हरभरा पेरला. तो वीतभर झाला आणि बदकं पाण्यातून चालत वर येऊन तो खाऊ लागली.

संस्थेचा चेअरमन तिशीतला होता. त्याच्या आईने तलावाच्या बांधावर दगड वाहिले होते, तेव्हापासून आमची ओळख. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला अजूनही 'कारकून'च म्हणत असे. चेअरमन सकाळ-संध्याकाळ गोफण घेऊन बांधावर उभा राही.

"चेअरमनला खुर्ची न्हाय, गोफण मिळाली बगा," मावशी म्हणाली.

"हसू नगंस आई," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "भाऊ, गोफणीला आता ती भीत न्हाईत. तुमची गाडी तेरखेड्यावरनं जाते न्हवं? मोठ्या आवाजाचे तोटे आणा थोडे."

तेरखेड्याला फटाके बनतात, आणि संघाच्या कामासाठी मी एसटीने तिकडून जात असे. मी जरा घुटमळलो. तो म्हणाला, "तुमाला बदकं बगायचीत, ठाव हाय मला. पर आमाला हरभरा खायचाय."

मी तोटे आणून दिले. पुढच्या रविवारी मी दुर्बीण डोळ्याला लावून बसलो असतानाच पहिला तोटा फुटला, आणि सगळा थवा एकदम उठून पलीकडच्या खडकाळ काठावर गेला. तिथं गवताची काडी नव्हती. ती तशीच उभी राहिली. मी मोजली, एकशे दहा होती. जवळपास दुसरं पाणी नव्हतं, म्हणून ती तलाव सोडून जाऊ शकत नव्हती. ह्या लोकांनाही दुसरी जमीन नव्हती. मी दोघांकडे पाहत बसलो. आठवडाभर दिवसा तोटे आणि रात्री पत्र्याचे डबे वाजवून त्यांनी हरभरा राखला.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्या भागात घरात चूल पेटत नाही. सगळं गाव रानात जेवतं आणि वाटेने जाणाऱ्या कोणालाही हाक मारून पंक्तीला बसवतं. मावशीने मला आधीच सांगून ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा हरभऱ्याच्या कडेला कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे लहानशी खोपी, उभी होती. इतरांच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा होते, ह्यांच्या कोपीत ते नव्हते. मी तिकडे पाहिलेलं मावशीच्या लक्षात आलं.

"देव सोडले, कारकून. जेवायला घालायचं कुटं सोडलंय? बसा."

भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. आठ घरांची माणसं आणि वाटेवरून बोलावलेले चार-पाच जण. पहिला घास घेतला तोच पाण्याकडून आवाज आला. बदकं निघाली होती. चेअरमनने ताट खाली ठेवलं आणि तोट्याची पिशवी उचलली.

"ठिव ती खाली," मावशी म्हणाली.

"आई, खातेत की ती!"

"खाऊ दे. आज येळवस हाय. रानात आलेल्याला आज हाकलायचं न्हाय."

"ती काय पावनी हायती व्हय?"

"मग कोण? घरनं भाकर बांदून आणलीया का त्येंनी?"

पंक्तीत हशा पिकला. चेअरमन हसला नाही. "आठ घरांचं हाय हे," तो म्हणाला. "निस्तं आपलं न्हाय."

तेव्हा मावशीने आपलं खरं म्हणणं सांगितलं. "आरं, आमी बाया भाजीसाठी हरभऱ्याचं शेंडं खुडतो का न्हाय? खुडल्यावर दुप्पट फुटतो. बदकांनी खुडलं तर काय इगडलं? एका दिसानं काय हुतंय?"

इतर सातही घरच्या बायांनी माना डोलावल्या. शेंडे सगळ्यांनीच खुडले होते आणि फुटवा सगळ्यांनीच पाहिला होता. एक म्हातारा म्हणाला, "खरं हाय." चेअरमनने माझ्याकडे पाहिलं. मला शंका होती. बदकं शेंड्यावर थांबत नाहीत, बुडापर्यंत कुरतडतात, हे मी काचेतून पाहिलं होतं. मी तसं सांगितलंही.

"कारकून, तुमी बदकं वळिकता," मावशी म्हणाली. "हरभरा आमी वळिकतो. जेवा."

मी जेवलो. दुसरं काय करणार होतो? त्यांच्याच ताटात, त्यांच्याच रानात बसलो होतो. आणि त्या दिवशी मी पट्टकादंब जितके जवळून पाहिले तितके पुढे कधीही पाहिले नाहीत. दुर्बिणीची गरजच नव्हती. पिवळी चोच बाजूला कलती करून ती रोप धरत आणि झटक्याने तोडत. मुलं ओरडू लागली की मावशी त्यांना गप्प करी. दिवस मावळेपर्यंत ती सरळ ओळीत, शेत कापायला बसलेल्या माणसांसारखी, पुढे पुढे सरकत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडायलाच चेअरमनने उरलेले सगळे तोटे एकापाठोपाठ एक लावले. थवा खूप उंच गेला आणि दक्षिणेकडे, मुरुम गावाच्या दिशेने निघून गेला, असं त्याने मला नंतर सांगितलं. त्या हिवाळ्यात तो परत आला नाही. तिकडे पाणी होतं की नव्हतं, मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी मी गेलो. तलावावर दहा-बारा थापट्या होत्या. हरभऱ्याच्या जागी बोटाच्या पेराएवढी खुंटं उभी होती. निम्म्याहून थोडं जास्त रान गेलं होतं. खुडलेला हरभरा फुटतो हे मावशीचं म्हणणं चूक नव्हतं. पण त्याला पान राहावं लागतं आणि खाली ओल लागते. गाळाची जमीन वाळून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

तलावाचं पाणी हटताना रानाच्या कडेला राहिलेल्या डबक्यातून मावशी घागर भरून आणत होती आणि एकेका खुंटाच्या बुडाशी पाणी घालत होती. पाणी भेगेत जाई आणि दिसेनासं होई. चेअरमन कोपीच्या सावलीत बसला होता. कोणी त्याला काही बोललं नव्हतं, बाकीच्या सात घरांनीही नाही. त्यांनीही माना डोलावल्या होत्या.

"फुटंल का ओ?" मावशीने मला विचारलं.

मी वाकून चार खुंटं पाहिली. एकाच्या बगलेत हिरवा ठिपका होता, तीन वाळली होती. मी ते तसंच सांगितलं.

"म्हंजी एक फुटंल," ती म्हणाली, आणि पाण्याकडे निघाली.

"आई, आता बास," चेअरमन म्हणाला. ती थांबली नाही. दुसरी घागर रिकामी पडली होती. मी ती उचलली आणि तिच्या मागे गेलो. डबक्यात पाणी घोट्याएवढंच उरलं होतं, घागर आडवी करून भरावी लागत होती. आम्ही ऊन उतरेपर्यंत पाणी घालत होतो. आमच्यानं दोन ओळीही पुऱ्या झाल्या नाहीत.